पुनरुक्तीचा दोष

अलंकारशास्त्राने पुनरुक्ती हा काव्याचा दोष मानला आहे. जे एकदा सांगितले ते कारणावाचून पुन्हा सांगू नये, असा त्या शास्त्राचा दंडक. आमच्या व्यवसायातही याहून निराळे काही नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून एकच वाक्य तिसऱ्यांदा बोलू लागला म्हणजे न्यायासनाकडून 'पुढे बोला' अशी सूचना येते, आणि विरुद्ध पक्षाचा वकील मनातल्या मनात सुखावतो. कारण जो तेच ते बोलतो तो एक तर पढवून आणलेला आहे किंवा त्याची बुद्धी अधू आहे, असा तर्क करणे सोपे जाते. परंतु हेच आम्ही संध्याकाळी काळा डगला खुंटीला अडकवून देवळाच्या पायऱ्या चढलो की पुनरुक्तीचे भक्त होतो. एकच नाम एकशे आठ वेळा घेतले तर ते शिळे न होता अधिक पवित्र होते, असे मानतो. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते. माणसे येतात, बसतात, उठून जातात, पुन्हा येतात. तेच ते ऐकून कंटाळा आला अशी तक्रार त्यांतल्या कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वैदिकांनी तर या पुनरावृत्तीचे एक शास्त्रच घडविले. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणावयाची. घनपाठात तिसरे पद येऊन मिळाले म्हणजे त्या तिघांची ये-जा अधिकच गुंतागुंतीची होते. घनपाठी ब्राह्मण समोर बसला तर आपण त्याला नमस्कार करतो. त्याला 'पुढे चला' असे कोणी म्हणत नाही.

एकाच क्रियेला साहित्यात दोष, न्यायालयात संशय आणि देवळात पुण्य अशी तीन नावे का मिळावीत? बोलणारा तोच आहे, बोलणेही तेच आहे. बदलला आहे तो ऐकणारा. हा विचार आमच्या मनात बरीच वर्षे रेंगाळत होता. ३१ जुलै २०२५ रोजी रॉबर्ट विल्सन हे अमेरिकन नाट्यदिग्दर्शक वारले, त्यांच्याविषयीचा मजकूर वाचनात आला, आणि त्या विचाराला एक घट्ट उदाहरण सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

विल्सन यांचा जन्म १९४१ सालचा, टेक्सासमधील वेको या गावचा. लहानपणी त्यांना नीट बोलता येत नसे; शब्द अडखळत. बर्ड हॉफमन नावाच्या एका नृत्यशिक्षिकेने त्यांना सावकाश, अंग सैल सोडून बोलावयास शिकविले, आणि जीभ मोकळी झाली. या उपकाराची आठवण म्हणून पुढे आपल्या नाट्यमंडळीला त्यांनी तिचेच नाव दिले. शिक्षण त्यांनी घेतले वास्तुकलेचे आणि आयुष्य वेचले रंगभूमीवर. १९६७ मध्ये न्यू जर्सीत एका कृष्णवर्णीय मुलाला पोलीस काठीने मारावयास निघाला असता विल्सन मध्ये पडले. चौकशीअंती कळले ते असे की, मुलगा बहिरा होता. हुकूम त्याने मोडला नव्हता, तो त्याला ऐकूच आला नव्हता. त्या मुलाला संस्थेत डांबले जाऊ नये म्हणून विल्सन कोर्टात गेले. मुलाचा ताबा आपणांस दिला नाही तर त्याला कोंडून ठेवण्याचा खर्च सरकारवर पडेल, हा मुद्दा न्यायाधीशांना पटला, असे ते पुढे सांगत. युक्तिवाद म्हणून आम्हांला तो फारसा उदात्त वाटत नाही. परंतु कोर्टात उदात्त युक्तिवाद नेहमीच जिंकतात असा आमचाही अनुभव नाही. रेमंड अँड्र्यूज हे त्या मुलाचे नाव. त्याच्या चित्रांतून आणि खुणांतून १९७० साली 'डेफमन ग्लान्स' हे कित्येक तास चालणारे, जवळजवळ निःशब्द असे नाटक उभे राहिले.

येथवर विल्सन यांची कला शब्दांना टाळणारी होती. ज्याला लहानपणी शब्दांनी छळले त्याने मोठेपणी शब्दांशी फारकत घ्यावी, यात नवल नाही. १९७३ मध्ये त्यांच्या एका जुन्या अध्यापकाने त्यांच्या हाती एक ध्वनिफीत दिली. क्रिस्टोफर नोल्स या मुलाने ती आपल्या मनानेच ध्वनिमुद्रित केली होती. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा, न्यूयॉर्क राज्यातील एका विशेष संस्थेत राहणारा. त्याला ऑटिझम आहे असे सांगितले जाई. फितीवर होते ते एवढेच: एमिली नावाची एक मुलगी, तिला दूरचित्रवाणी आवडते ही गोष्ट, आणि त्या आवडीचे कारण. परंतु ते वाक्य एका शब्दाने वाढत होते, दोन शब्दांनी घटत होते, कारण कार्याच्या जागी जात होते, आणि शेवटी फुटून नुसती अक्षरे उरत होती. विल्सन यांना प्रथम त्यात काहीच अर्थ लागेना. मग त्यांनी ते सारे ऐकून कागदावर उतरविले. कागदावर येताच वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला इमारत दिसली. खांब होते, कमानी होत्या, एकाच मापाची खोली वेगवेगळ्या बाजूंनी उघडणारी दारे होती. ज्याला लोक बडबड म्हणत होते ती रचना होती.

आमच्या वाचकांना हे कळावयास वास्तुकलेची गरज नाही. तबल्यात 'कायदा' नावाचा प्रकार असतो. (हा शब्द आमच्या व्यवसायाने तबल्याकडून घेतला की तबल्याने आमच्याकडून, याचा निवाडा आम्ही करीत नाही.) चार बोलांचा एक बंध घ्यावयाचा, त्याचे पलटे करावयाचे, मूळचे बोल सोडून परका बोल आणावयाचा नाही, आणि त्या मर्यादेतच नवे नवे दाखवावयाचे. नोल्सचे वाक्य हा असाच एक कायदा होता. फरक इतकाच की, घनपाठी दुसऱ्याची संहिता राखण्यासाठी पदे उलटसुलट करतो. हा मुलगा ती आपली आपण निर्माण करीत होता.

येथे 'ऑटिझम' या शब्दाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने तो १९११ च्या सुमारास 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविला, तोही एका निराळ्याच आजाराच्या संदर्भात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि तो या अवस्थेला कायमचा चिकटला. मराठीत आपण त्याचे 'स्वमग्नता' केले. शब्द सुरेख आहे, पण वकिलाच्या कानाला तो आरोपपत्रासारखा लागतो. 'हा स्वतःतच बुडालेला आहे, याला बाहेरच्याशी कर्तव्य नाही', असा निकाल पुरावा ऐकण्यापूर्वीच त्यात लिहिलेला आहे. त्या काळी पुष्कळ तज्ज्ञ तर आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे म्हणत. तो आरोप पुढे निराधार ठरला, परंतु तोवर कित्येक माता त्याची शिक्षा भोगून चुकल्या होत्या. मुलाने ऐकलेले वाक्य पुन्हा पुन्हा बोलणे हेही निरर्थक, सोडवावयाची खोड, असेच समजले जाई. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्ये या पुनरुच्चाराचा बारकाईने अभ्यास करून दाखविले की, त्यामागे हेतू असतो: कधी संभाषणात आपली पाळी राखणे, कधी होकार, कधी मागणी, कधी मनाला आधार. शास्त्र जेथे १९८१ मध्ये पोचले तेथे एक नाटकवाला १९७३ मध्ये केवळ कान देऊन पोचला होता. शास्त्राला कमी लेखण्याचा यात हेतू नाही. पुराव्याला वेळ लागतोच. परंतु ऐकावयाला वेळ लागण्याचे कारण नव्हते.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रुकलिन येथे विल्सन यांचे 'द लाइफ अँड टाइम्स ऑफ जोसेफ स्टालिन' हे बारा तासांचे नाटक झाले. बारा तास ऐकून आमचे गोव्याचे वाचक दचकणार नाहीत. जत्रेच्या रात्री दशावतारी काला पाहून उजाडल्यावर घरी परतणाऱ्यांना ते नवे नाही. विल्सन यांनी त्या मुलाला प्रयोगाला बोलावले आणि ऐन वेळी, तालमीवाचून, रंगमंचावर नेले. दोघांनी मिळून एमिलीची ती वाक्ये म्हटली. पुढे आईवडिलांच्या संमतीने नोल्स संस्था सोडून विल्सन यांच्या मंडळीत आला. संस्थेत त्याची जी खोड मोडावयाचा प्रयत्न होत होता तिला विल्सन यांनी उत्तेजन दिले, इतकेच नव्हे तर ते स्वतः ती शिकू लागले. १९७४ च्या 'अ लेटर फॉर क्वीन व्हिक्टोरिया' या नाटकात त्याचा शब्द आहे आणि तो स्वतःही आहे. शब्दांपासून पळणारा कलावंत शब्दांकडे परतला तो या मुलाचे बोट धरून. शब्द हा निरोप पोचविणारा हमाल आहे, निरोप पोचला की त्याचे काम संपले, ही समजूत त्यांच्या मनातून गेली. शब्दाला वजन आहे, लांबी-रुंदी आहे, तो पाहता येतो, मांडता येतो, हे त्यांना कळले.

या सर्वांचा कळस म्हणजे 'आइन्स्टाइन ऑन द बीच'. २५ जुलै १९७६ रोजी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे ते प्रथम झाले. संगीत फिलिप ग्लास यांचे. सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवे तेव्हा उठून जावे आणि परत यावे. हा रिवाज पाश्चात्त्यांना नवा वाटला. सप्ताहाला बसणाऱ्यांना तो घरचा आहे. ग्लास यांचे आपल्याकडचे ऋण प्रसिद्धच आहे. १९६५-६६ मध्ये पॅरिसला रविशंकरांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य लिपीत उतरविताना त्यांचे आघात सारखे चुकत, आणि अल्लारखाँ त्यांना अडवीत. शेवटी त्यांनी स्वरलिपीतील उभ्या रेघाच पुसून टाकल्या, तेव्हा ताल अखंड वाहू लागला. पुढे १९८० मध्ये गांधीजींवरील त्यांची 'सत्याग्रह' ही संगीतिका रॉटरडॅम येथे झाली, तिचे शब्द भगवद्गीतेतले, संस्कृतातच गायले जाणारे. 'आइन्स्टाइन'मध्ये तर वृंद केवळ आकडे आणि स्वरनामे गातो. ज्यांनी सरगम आणि बोल ऐकले आहेत त्यांना यात अर्थ नाही असे वाटणार नाही.

आम्हांला त्या संगीतिकेतील जो भाग विशेष लक्षणीय वाटतो तो न्यायालयाचा. तिच्यात खटल्याची दृश्ये आहेत. मूळ प्रयोगात न्यायासनावर दोन न्यायाधीश, एक वृद्ध आणि एक लहान मुलगा. आणि त्या न्यायालयात जे शब्द उच्चारले जातात त्यांतले पुष्कळसे क्रिस्टोफर नोल्सने लिहिलेले. त्यात नभोवाणीवरची गाणी आहेत, माणसांची नावे आहेत, आणि ती सारी त्याच्या त्या कायद्याप्रमाणे उलटसुलट होत राहतात. ज्याची साक्ष कोणत्याही कोर्टाने कदाचित नोंदवून घेतली नसती, त्याचे शब्द रंगभूमीवरच्या कोर्टात दप्तरी दाखल झाले. संहितेवर नाव कोणाचे? इतरांबरोबर त्याचेही. वकिलाच्या दृष्टीने हा तपशील क्षुल्लक नाही.

येथे आमच्यातला वकील उभा राहून हरकत घेतो, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. एका अल्पवयीन मुलाला ऐन वेळी हजारो डोळ्यांपुढे उभे करणे हे कौतुक की प्रदर्शन? त्याच्या अवस्थेतून कलावंताला कीर्ती मिळाली. त्याला स्वतःला काय मिळाले? अशा प्रसंगी आम्ही तीन गोष्टी विचारतो. पहिली, कामावर त्याचे नाव आहे काय? दुसरी, त्याला 'नको' म्हणण्याची सोय होती काय, आणि त्याचा नकार त्याच्या भाषेत ओळखणारे कोणी जवळ होते काय? तिसरी, कलावंताचे काम संपल्यावर त्याचे काम चालू राहिले काय? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोल्सच्या बाबतीत समाधानकारक आहे. तो पुढे चित्रकार आणि कवी म्हणून स्वतंत्रपणे उभा राहिला. टंकलेखन यंत्रावर रंगीत शाईची अक्षरे ठोकून त्याने जी चित्रे घडविली त्यांचे मोठे प्रदर्शन २०१५ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री मिळत नसते. ते रोजच्या सहवासात द्यावे लागते, आणि रोज नव्याने. जो कलावंत हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही त्याचा दृष्टिकोन बदलला असे आम्ही म्हणणार नाही. त्याला केवळ नवे साहित्य मिळाले, एवढेच.

हे सारे दूरदेशीचे. पण प्रश्न आमच्या देवळाच्या चौकातही येऊन उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे. आमच्या गावच्या देवस्थानात एक मुलगा आपल्या आईबरोबर भजनाला येई. वय सोळा-सतरा, बोलणे थोडे, आणि जे बोले ते पुन्हा पुन्हा. भजन सुरू झाले की तो पखवाजाशेजारी येऊन बसे आणि मांडीवर बोट टेकवून मात्रा धरी. गजर टिपेला जाऊन लय वाढू लागली की दोन्ही कान झाकून मोठ्याने ओरडे आणि बाहेर पळे. दोन-तीन वेळा असे झाल्यावर महाजनांच्या बैठकीत विषय निघाला. मुलाविषयी कोणाच्या मनात वाकडे नव्हते. परंतु सप्ताहाचे दिवस जवळ आले आहेत, पाहुणी पथके येणार, तेव्हा त्याला घरीच ठेवावे, असे आईला कोणी तरी गोडीने सांगावे, असा सूर होता. कायदा काय म्हणतो म्हणून आमच्याकडे पाहण्यात आले.

कायदा सांगणे सोपे होते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत या अवस्थेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने ते घेतले. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ते स्पष्ट आहे. इतरांच्या बरोबरीने समाजात राहण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे. आम्ही ते सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या, आणि खोली थंड झाली. कायद्याने दार उघडते; आत आलेल्याला बसावयास चटई कोणी द्यावयाची, हे कायदा सांगत नाही.

चटई दिली ती पखवाजवाल्या म्हाताऱ्याने. 'त्याला माझ्याकडे सोपवा' एवढेच तो बोलला. मग महिनाभर रोज संध्याकाळी देऊळ रिकामे असताना तो आणि तो मुलगा बसत. त्याने मुलाला पखवाज शिकविला, असे सांगितले तर कथा गोड होईल. पण तसे काही घडले नाही. मुलाने पखवाजाला हातही लावला नाही. तो मांडीवर बोट टेकवी, आणि म्हातारा त्या बोटाकडे पाहून वाजवी. लय केसभर पुढे सरकली तर बोट थांबे. एके दिवशी आम्ही विचारले, काय चालले आहे? तो कोंकणीत म्हणाला, "वकीलबाब, लय वाडोवप सोंपें, ती धरून रावप कठीण." चाळीस वर्षे लोक 'रंग आला' म्हणत तेव्हा आपण नुसते धावत होतो, हे त्याला त्या बोटाने दाखविले, असे तो पुढे म्हणाला. त्या वर्षीच्या सप्ताहात आमच्या पथकाचा गजर एकाच लयीत शेवटपर्यंत गेला. काहींना तो संथ वाटला. 'यंदा रंग नाही' असे उघडपणे बोलले गेले. मुलगा मात्र पूर्ण पहारभर बसून होता, आणि त्याची आई कित्येक वर्षांनी प्रथमच दाराकडे न पाहता भजनाला बसली होती.

आजही आमच्या गावात यावर दोन मते आहेत, आणि ती असावीत. भजन कोणत्या लयीत म्हणावे हा महाजनांचा नव्हे, गाणाऱ्यांचा प्रश्न आहे. पाहुणी पथके आपल्या रीतीने लय चढवितात, तेव्हा मुलगा अंगणात तुळशीपाशी जाऊन बसतो. त्याला कोणी हटकीत नाही. एवढा तोडगा निघाला आहे.

दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोहही आपल्या समाजात आहे, त्याबद्दल सावध केले पाहिजे. दत्तसंप्रदायाच्या छायेत वाढलेल्या आपणांस अबोल, विक्षिप्त माणसात अवधूत दिसावयास वेळ लागत नाही. त्याच्या पुनरुक्तीत मंत्र ऐकावयाचा, त्याच्या नजरेत समाधी पाहावयाची, आणि नमस्कार करून मोकळे व्हावयाचे. हीही न ऐकण्याचीच एक तऱ्हा आहे. ज्याला वेडा ठरविला त्याच्याशी बोलण्याचे कारण उरत नाही, आणि ज्याला साधू ठरविला त्याच्याशीही उरत नाही. विल्सन यांनी नोल्सला ऋषी मानले नाही, सहकारी मानले. त्याचे वाक्य कागदावर उतरवून त्याची मापे घेतली. म्हाताऱ्याने त्या मुलाच्या पाया पडण्याऐवजी त्याच्या बोटाकडे पाहिले. कलावंताच्या दृष्टीत जो पालट होतो तो दयेने होत नाही आणि भक्तीनेही होत नाही. दुसऱ्याचे काम काम म्हणून नीट पाहिले म्हणजे होतो.

साक्षीच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे. १८७२ च्या कायद्यात ते होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते राखले आहे. प्रत्येक मनुष्य साक्ष देण्यास पात्र आहे असे धरून चालावयाचे. प्रश्न समजण्यास किंवा समंजस उत्तर देण्यास तो असमर्थ आहे असे न्यायालयाला दिसून आले तरच तो अपात्र. बोलता न येणाऱ्याने लिहून किंवा खुणेने सांगितले तरी ती साक्षच. अपात्रता हा अपवाद आहे आणि तो परीक्षेनंतर ठरावयाचा, आधी नव्हे. कायदा करणाऱ्यांनी हे न्यायाधीशांसाठी लिहिले. पण देवळाच्या चौकात, शाळेत, घरातल्या पंगतीत आपण सारेच दिवसातून दहा वेळा न्यायाधीश असतो, आणि साक्षीदाराने तोंड उघडण्यापूर्वी त्याला खाली उतरवितो. यापुढे कोणी एकच वाक्य तिसऱ्यांदा बोलले तर 'पुढे चला' म्हणण्याआधी ते चौथ्यांदा ऐकून पाहावे, आणि या वेळी त्यातला कोणता शब्द जागा बदलून बसला आहे इकडे लक्ष द्यावे. पुनरुक्ती हा दोष असेलही. तो बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, हे मात्र ऐकल्यावाचून ठरविता येणार नाही.